थेरपीनं मेंदूतल्या जोडण्या बदलतात म्हणे. कुणाला दिसल्यात?

सावलीची_बाजू
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

पावणेदोन वर्षांपूर्वी आमच्या गाडीला अपघात झाला. मी चालवत नव्हते, शेजारी बसले होते. हाडं तीन महिन्यांत जुळली, बाकीचं जुळेना. मागून ट्रक आला की हात आपोआप समोरच्या डॅशबोर्डवर. दार आपटलं की धडधड. रात्री तीनला ठरल्यासारखी जाग. आधी तो रस्ता सोडला, मग गाडीत बसणं सोडलं, मग घराबाहेर पडणंच. शेवटी डॉक्टरांनी पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा तणावाचा आजार, असं नाव सांगितलं आणि थेरपी सुरू झाली, प्रोलाँग्ड एक्स्पोजर नावाची. दीड तासाचं एक सेशन. डोळे मिटून अपघात वर्तमानकाळात सांगायचा. 'ट्रक येतोय. मी ओरडतेय.' संपला की पुन्हा पहिल्यापासून. त्याचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं आणि त्रास किती झाला ते ० ते १०० मध्ये वहीत लिहायचं.

माझी वही अशी आहे: ९५, ९०, ९५, ९०, ९०, ८५, ९०. पाच सेशन्स झालीत.

आता प्रश्न. थेरपीच्या आधी एका संशोधनासाठी माझ्या मेंदूचा स्कॅन केला होता. थेरपी संपल्यावर दुसरा करणार आहेत. थेरपिस्ट म्हणाल्या, 'या उपचारानं मेंदूतल्या जोडण्या बदलतात, म्हणून आधी आणि नंतर.' हे ऐकून धाकटा भाऊ म्हणाला, 'नुसतं बोलून वायरिंग बदलते होय?' मला हसू आलं, पण रात्री तेच डोक्यात घोळत राहिलं. खरंच बदलतं का काही? आणि ते दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले तर मला दिसेल का? वहीतले आकडे तर उतरायचं नाव घेत नाहीयेत. म्हटलं, आत तरी काही हललं असेल.

टवाळ_मंडळ_अध्यक्ष
बोलून वायरिंग बदलत असती तर शाळेतल्या एकूण एक मास्तरांनी माझी बदलली असती. बोलून बोलून त्यांचीच बदलली.

(ताई, चेष्टा सोडा. लवकर बऱ्या व्हा. धागा वाचतोय.)

कान_देऊन
सावलीची_बाजू, लिहिलंत ते बरं केलंत. मी समुपदेशक आहे, आघातावरचंच काम करते. आधी वहीबद्दल. पाचव्या सेशनला आकडे असेच असतात पुष्कळांचे. शिवाय ९५ वरून ९० ला येऊन पुन्हा ९५ ला जाणं म्हणजे उपचार फसला असं नाही. कित्येकदा माणूस आधी गोष्ट भराभर उरकत असतो आणि पाचव्या-सहाव्या वेळेला पहिल्यांदा खरोखर तिथे थांबतो. तेव्हा आकडा चढतोच. हे तुमच्या थेरपिस्टना जसंच्या तसं सांगा, वही दाखवा. इथे मी यापुढे जाणार नाही, कारण तुमच्यावर उपचार त्या करताहेत.

मेंदूचं जाणकार सांगतील. आहेत इथे एकदोन.

व्होक्सेल
हाक मारलीत म्हणून आलो. पाच वर्षं एका प्रयोगशाळेत हेच स्कॅन चाळत होतो, आता दुसऱ्या कामात आहे. लांबण लागेल, बसून घ्या.

सगळा घोळ 'जोडणी' या शब्दानं होतो. एफएमआरआयला, म्हणजे तुमचा झाला त्या स्कॅनला, तारा दिसत नाहीत. त्याला रक्तातल्या ऑक्सिजनचा चढउतार दिसतो. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे ताजं रक्त धावतं आणि त्यानं चुंबकीय संकेत किंचित बदलतो. हे तत्त्व सेजी ओगावा यांनी १९९० मध्ये मांडलं. साधारण दर दोन सेकंदांना अख्ख्या मेंदूचा एक ठसा घेतात, दोन-तीन मिलिमीटरच्या ठोकळ्यांत. (तो ठोकळा म्हणजे व्होक्सेल. माझ्या आयडीचं रहस्य संपलं.) मग दोन जागांचे आलेख एकाखाली एक ठेवायचे. एक वर गेला की दुसराही जातो का? जात असेल तर म्हणायचं, यांच्यात जोडणी आहे.

समोरच्या इमारतीत दोन खिडक्यांतले दिवे रोज बरोबरच लागतात आणि बरोबरच विझतात. त्या दोन घरांमध्ये तार आहे? की दोघं फोनवर बोलतात? की दोघांच्याही दिव्यांचं बटण तिसऱ्याच माणसाकडे आहे? खालून बघणाऱ्याला एवढंच कळतं की यांचं काहीतरी जुळलंय. १९९५ मध्ये भरत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की माणूस काहीही न करता नुसता पडून असला तरी हालचालींचं काम बघणाऱ्या डाव्या आणि उजव्या भागांची लय जुळलेली असते. तिथून हे सगळं सुरू झालं. तुम्हाला स्कॅनरमध्ये निजवून अधिकचं चिन्ह बघत बसायला लावलं असेल ना? तेच ते.

आता पीटीएसडीत काय दिसतं. तीन पात्रं लक्षात ठेवा. अमिग्डाला, धोक्याची घंटा. हिप्पोकॅम्पस, म्हणजे ही गोष्ट कुठे आणि केव्हाची याचा हिशेब ठेवणारा. आणि कपाळामागे खाली मध्यभागी असलेला प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा भाग, जो घंटेला सांगतो की पुरे, ऐकलं, आता थांब. समूहाची सरासरी काढली तर पीटीएसडीत पहिला अतिउत्साही आणि तिसरा मंद असं चित्र बऱ्याच अभ्यासांत येतं. आणि या सुट्या भागांपलीकडे मोठी जाळी असतात. एक स्वतःच्या विचारांत रमण्याचं, एक 'आत्ता महत्त्वाचं काय' ते हेरण्याचं, एक ठरवून लक्ष देण्याचं. विनोद मेनन यांनी २०११ मध्ये या तीन जाळ्यांच्या बिघडलेल्या ताळमेळातून अनेक मानसिक आजार बघता येतील अशी मांडणी केली. पीटीएसडीत हेरणारं जाळं सतत पुढे पुढे करतं. म्हणून दार आपटल्यावर तुमचा मेंदू 'दार' म्हणत नाही, 'ट्रक' म्हणतो.

थेरपीनंतर काय बदलतं ते पुढच्या प्रतिसादात. बोटं दुखली.

मालूआत्या
व्होक्सेल, खिडक्यांचं उदाहरण आवडलं. बहात्तराव्या वर्षी मेंदूतलं काही पहिल्यांदा कळलं. पण मग त्याला 'जोडणी' का म्हणता? जोडणी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे प्लंबर येतो.

शब्दखोड
मालूआत्यांना अनुमोदन. 'जोडणी' रचनेला ठीक आहे, लयीच्या या नात्याला नाही. 'अनुबंध' म्हणावं का?

टवाळ_मंडळ_अध्यक्ष
अनुबंध म्हटलं की लग्नपत्रिका आठवते.

रातकिडा
लागेबांधे!
दोघांचं काहीतरी जुळलंय हे सगळ्यांना दिसतं, पण नेमकं काय आणि कुणामार्फत, ते कुणालाच सिद्ध करता येत नाही. याला आपल्याकडे शतकानुशतकं लागेबांधेच म्हणतात.

व्होक्सेल
रातकिडा, मुजरा. पाच वर्षांत आम्हाला हे सुचलं नाही. आजपासून मी लागेबांधेच लिहिणार.

शब्दखोड
आणि पीटीएसडीला 'आघातोत्तर तणाव विकार' असं म्हणतात, तोंडात तीनदा अडकतं. आपल्याकडे 'धसका' आहे की. 'तिनं अपघाताचा धसका घेतलाय' यात अर्धी लक्षणं आली.

कान_देऊन
शब्दखोड, धसका सुंदर शब्द आहे, पण त्यातून 'घेतला' म्हणजे तिनंच ओढवून घेतला असा वास येतो. माझ्याकडे येणारी निम्मी माणसं आधी त्याचीच लाज बाळगून असतात. शिवाय धसका चार दिवसांतही जातो. निदानासाठी लक्षणं महिन्याहून जास्त टिकावी लागतात. पीटीएसडी हे नाव अधिकृतपणे १९८० मध्ये अमेरिकी मानसरोग संघटनेच्या निदानसूचीच्या तिसऱ्या आवृत्तीत आलं. त्याआधी पहिल्या महायुद्धात 'शेल शॉक' म्हणत. तोफगोळ्याच्या हादऱ्यानं मेंदूला इजा होते असं तेव्हा आधी वाटलं होतं. गंमत म्हणजे शंभर वर्षांनी आपण पुन्हा मेंदूकडेच बघतोय.

शंकेखोर
आता मी येतो, कारण सगळे फार खूश दिसताहेत.

२००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला. त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि फोटोतल्या माणसाला काय वाटत असेल ते ओळखायला सांगितलं. आकडेमोड नेहमीच्या ढिसाळ पद्धतीनं केल्यावर माशाच्या मेंदूत हालचाल सापडली. मासा मेलेला होता. २०१२ मध्ये त्यांना त्यासाठी इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं.

तो विनोद म्हणून सोडून द्या. २०२० मध्ये 'नेचर'मध्ये आलं ते बघा. एकच एफएमआरआय डेटा ७० गटांना दिला, तेच नऊ प्रश्न विचारले. कुठल्याही दोन गटांची आकडेमोडीची पद्धत तंतोतंत सारखी नव्हती आणि कित्येक प्रश्नांवर उत्तरं जुळली नाहीत. तेव्हा 'थेरपीनं मेंदू बदलतो' हे वाक्य पत्रकात छापायला उत्तम. बरं वाटलं तर बरं वाटलं म्हणा. त्याला मेंदूच्या रंगीत फोटोची साक्ष कशाला हवी?

व्होक्सेल
शंकेखोर, तुमच्याशी भांडायला आलो होतो, पण तुम्ही खरंच बोललात. मी भरच घालतो. स्कॅनमध्ये डोकं मिलिमीटरच्या अंशानं हललं तरी खोटे लागेबांधे तयार होतात, हे २०१२ च्या सुमारास एकाहून जास्त गटांनी दाखवून दिलं. आता विचार करा. घाबरलेला माणूस जास्त हलतो. थेरपीनंतर तो शांत पडून राहतो. नुसत्या शांत पडण्यानं आकडे बदलले आणि आम्ही लिहिलं, मेंदू बदलला! आणखी एक. पहिल्या वेळी ती नळी, तो ठोकाठोकीचा आवाज, डोक्यावरचा पिंजरा, सगळंच नवं. दुसऱ्या वेळी माणूस सरावलेला. घंटा तशीही कमीच वाजणार. म्हणून तुलनेला दुसरा गट लागतो. तेवढाच काळ थांबलेला, दोनदा स्कॅन झालेला, पण थेरपी न मिळालेला.

असे अभ्यास आहेत. २०१७ मध्ये ग्रेग फोंझो, अमित एटकिन वगैरेंनी प्रोलाँग्ड एक्स्पोजर घेतलेल्यांची प्रतीक्षायादीतल्या लोकांशी तुलना केली. त्रासदायक चित्राकडे मुद्दाम वेगळ्या नजरेनं बघायचं, अशा कामाच्या वेळी थेरपीवाल्यांच्या कपाळाच्या अगदी टोकाशी असलेल्या भागाचं काम वाढलं होतं. त्याआधी २०१६ मध्ये अँथनी किंग आणि सहकाऱ्यांनी युद्धावरून परतलेल्या सैनिकांचं बघितलं. सजगतेचा सराव आणि एक्स्पोजर अशी मिश्र थेरपी. तिच्यानंतर, स्वतःत रमणाऱ्या जाळ्याचा पाठीमागचा भाग आणि ठरवून लक्ष देणारा कपाळाकडचा भाग, यांचे लागेबांधे पडून असतानाही वाढलेले दिसले. मला या दुसऱ्यात जास्त रस आहे. आठवणींचा भोवरा सुरू झाला की त्यातून लक्ष काढून आणण्याची वाट थोडी रुळली, असं त्याचं वाचन करता येतं. अभ्यास लहान होता, हेही लिहून ठेवतो.

पण अमिग्डाला आणि प्रीफ्रंटल यांचे लागेबांधे थेरपीनं वाढतात की घटतात? दोन्ही छापून आलंय. कोणाला स्कॅन केलं, पडून असताना की काम देऊन, कुठली थेरपी, यावर फिरतं.

शंकेखोर
हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून +१. असं फार क्वचित होतं माझं.

दुसरी_उशी
मी पलीकडच्या बाजूनं लिहितेय. नवऱ्याला होतं हे. आता बराच बरा आहे.

मला स्कॅनचं काही कळत नाही. झोपेचं कळतं. त्याच्या मानेला हात लावून उठवलं तर तो एकदम उठून बसायचा, माझं मनगट धरायचा आणि मला ओळखायला त्याला दोन-तीन सेकंद लागायचे. ते दोन-तीन सेकंद माझ्याकडे बघणारा माणूस माझा नवरा नसायचा. मग मी पायाच्या बाजूनं, लांबून, नाव घेऊन उठवायला शिकले. मुलंही शिकली. घरातलं कुणीही दार लावताना कडी हातानं धरूनच लावायचं, आजही लावतो.

थेरपीच्या काळात आधी वाढलंच. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मी म्हटलं, हे बंद कर. तो म्हणाला, आता अर्ध्यात सोडलं तर पुन्हा इथवर येणार नाही. एका सकाळी विसरून मी मानेला हात लावला. तो दचकला, पण डोळे उघडल्या उघडल्या माझं नाव घेतलं. मेंदूत काय बदललं ते व्होक्सेल सांगतील. मला तो फरक सेकंदांत मोजता आला.

बंब_क्रमांक_चार
२२ वर्षं अग्निशमन दलात. दुसरी_उशी, तुमच्या नवऱ्याला माझा सलाम सांगा. मी मात्र अर्ध्यात सोडणाऱ्यांतला.

मला ते वर्तमानकाळात सांगणं जमलं नाही. तीन वेळा गेलो, चौथ्या वेळी पार्किंगमधूनच परत फिरलो. वर्षभर काही केलं नाही. मग दुसऱ्या एकीनं सीपीटी नावाची थेरपी केली. त्यात गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत बसायची नाही. तुमच्या डोक्यात कुठलं वाक्य अडकलंय ते शोधायचं, कागदावर लिहायचं आणि त्याची उलटतपासणी घ्यायची. बारा सेशन्स. माझं वाक्य होतं, 'मी आधी तिसऱ्या मजल्यावर गेलो, म्हणून दुसऱ्यावरचा गेला.' अकरा वर्षं तेच. तिनं काही समजूत घातली नाही. एवढंच विचारलं, 'जिन्यात उभे होतात तेव्हा तुम्हाला काय काय माहीत होतं? फक्त तेवढंच लिहा.' मी लिहिलं. तिसऱ्यावरून हाक येत होती. दुसऱ्यावरून काहीच नाही. धूर दोन्हीकडे सारखा. कागदावर चार ओळीसुद्धा झाल्या नाहीत. त्या चार ओळींवरून दुसरं काय ठरवता आलं असतं, हे मी अजून शोधतोय.

तेव्हा सावलीची_बाजू, तुमचं नाही जमलं तर दुसरा दरवाजा असतो, एवढं सांगायला आलो.

कान_देऊन
बंब_क्रमांक_चार, हे इथे लिहिलंत त्याबद्दल आभार. सीपीटी पॅट्रिशिया रेसिक यांनी विकसित केलं, प्रोलाँग्ड एक्स्पोजर एडना फोआ यांनी. दोन्हींना भक्कम पुरावा आहे. तिसरं ईएमडीआर, फ्रान्सिन शापिरो यांचं. त्यात थेरपिस्टची बोटं डोळ्यांनी डावी-उजवीकडे पाठलाग करत आठवण मनात धरायची. त्याचाही उपयोग होतो. डोळे हलवल्यानं नेमकी किती भर पडते, यावर मात्र आमच्यात अजून जुंपते.

एक_साधा_माणूस
मला वाटतं अपघात झाल्या झाल्या, त्याच दिवशी, सगळ्यांना एकत्र बसवून बोलतं केलं तर ही वेळच येणार नाही. मन मोकळं झालं की झालं.

कान_देऊन
साध्या माणसा, हेतू चांगला आहे, पण नाही. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्यानं पीटीएसडी टळत नाही असंच अभ्यासांत दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत हा प्रकार करू नका असं सांगितलंय. त्या दिवशी माणसाला सुरक्षित जागा, ओळखीचा चेहरा आणि नुसतं शेजारी बसणं हवं असतं. बोलायचं असेल तर ऐकायचं. नसेल तर गप्प. आणि बहुतेक माणसं आपसूक सावरतातच, हेही विसरायला नको.

ब्रेनगुरू_७
मेंदू फक्त सात दिवसांत रिवायर करा!!! गोळी नाही, थेरपी नाही! व्यनि करा.

टवाळ_मंडळ_अध्यक्ष
गुरुजी, त्या सामन माशाला आधी बरं करून दाखवा.

संपादक
ब्रेनगुरू_७ यांचं खातं गोठवलं आहे. धागा विषयावर ठेवावा.

अर्धी_जागी
मला एक वेगळंच विचारायचंय. वर सगळे दचकणं, घंटा, घाम याबद्दल लिहिताहेत. माझं तसं होत नाही. मी गायब होते. काही आठवलं की आवाज लांबून येतो, हात माझे वाटत नाहीत, समोरचा बोलत असतो आणि मी काचेमागे. घरचे म्हणतात किती शांत आहेस. घंटेला थांबवणारा माझा ब्रेक सैल आहे असं मला मुळीच वाटत नाही.

व्होक्सेल
अर्धी_जागी, वरच्या माझ्या तीन पात्रांच्या नाटकाला तुम्ही बरोबर भोक पाडलंत. रूथ लेनियस आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हेच मांडलं. काहींमध्ये प्रीफ्रंटलचा वचक कमी पडतो, तर काहींमध्ये तो प्रमाणाबाहेर होतो. ब्रेक इतका दाबला जातो की भावनाच बधिर होते, आणि शरीर आपलं वाटेनासं होतं. २०१३ च्या निदानसूचीत हा उपप्रकार स्वतंत्र नोंदवला आहे. दोन्ही प्रकारची माणसं एकाच गटात घालून सरासरी काढली की काय होईल? एकाचं अधिक, दुसऱ्याचं उणे, हाती शून्य. काही अभ्यासांतला गोंधळ मला तरी यातूनच आलेला वाटतो.

कान_देऊन
आणि म्हणून थेरपिस्टला हे आवर्जून सांगा. सेशनमध्ये तुम्ही शांत दिसलात की आकडा उतरला असा गैरसमज होतो. अशा वेळी आधी पाय जमिनीला टेकवायचे, खोलीतल्या वस्तूंची नावं घ्यायची, इथे परत यायचं. मग गोष्ट.

अर्धी_जागी
यातलं एक वाक्य चार वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. धन्यवाद.

शंकेखोर
व्होक्सेल, एक शेवटची खोड. मेंदूतला फरक आघातानं आला हे तरी कशावरून? आधीपासून असेल.

व्होक्सेल
खोड नाही, मुद्दा आहे. २००२ मध्ये मार्क गिल्बर्टसन आणि सहकाऱ्यांनी एकसारख्या जुळ्या भावांचा अभ्यास केला. एक व्हिएतनाम युद्धात लढलेला, दुसरा घरी राहिलेला. लढून पीटीएसडी झालेल्यांचा हिप्पोकॅम्पस लहान होता, आणि त्यांच्या घरी राहिलेल्या भावांचाही. म्हणजे निदान तो फरक आधीचा होता. त्यामुळे 'थेरपी मेंदूला पूर्वीसारखा करते' हे वाक्य मी कधी लिहीत नाही. नवं काहीतरी शिकवते, हे चालेल. घंटा वाजली की खाणं येणार हे शिकलेल्या पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांत हे सापडलं होतं. घंटेनंतर खाणं देणं बंद केलं की लाळ थांबते, पण काही काळ मध्ये जाऊ दिला की घंटेवर पुन्हा येते. जुनं पुसलं गेलेलं नसतं. त्याच्यावर 'आता घंटेचा तसा अर्थ नाही' हे नवं बसलेलं असतं, आणि ते नवं टिकवायला कपाळाकडचा भाग आणि हिप्पोकॅम्पस दोघंही लागतात.

सावलीची_बाजू
मंडळी, महिनाभर आले नाही. सगळं वाचत होते, दुसरी_उशी यांचा प्रतिसाद दोनदा.

नवव्या सेशनपासून थेरपिस्टनी अख्खी गोष्ट सोडून फक्त सगळ्यात वाईट तुकडा घ्यायला लावला. त्याला 'हॉट स्पॉट' म्हणतात. माझा तुकडा म्हणजे धडक झाल्यानंतरचा. काच फुटलेली आणि वायपर चालूच. खर्र, खर्र. माझी गोष्ट कायम तिथेच संपायची. वायपर चालू आणि मी अडकलेली, आणि पुढे काही नाही. तोच तुकडा पाच वेळा, सहा वेळा. मग एका दिवशी मी बोलता बोलता पुढे गेले. कुणीतरी खिडकीतून हात घातला आणि किल्ली फिरवली. वायपर थांबला. एक बाई म्हणाली, 'डोळे उघडे ठेवा, ताई. माझ्याकडे बघा.' हे मला माहीत नव्हतं असं नाही. पोलिसांना मीच सांगितलं होतं. पण माझ्या आतल्या गोष्टीत तो वायपर पावणेदोन वर्षं कुणी बंदच केला नव्हता.

वही: ८५, ८०, ८०, ६५, ७०, ५०, ४५.

पुढच्या मंगळवारी दुसरा स्कॅन. व्होक्सेल, फोटोचं तेवढं सांगा ना आता.

बंब_क्रमांक_चार
किल्ली फिरवणारा माणूस. वा.
आम्ही गाडीपाशी पोहोचलो की पहिलं तेच करतो. त्याचा असाही उपयोग असतो, माहीत नव्हतं.

व्होक्सेल
सावलीची_बाजू, तुमचा मूळ प्रश्न आम्ही लागेबांध्यांत हरवून टाकला, माफी.

नाही, दिसणार नाही. मागितलात तर बहुधा तुमच्या मेंदूच्या रचनेचा करडा फोटो देतील. तो आधीचा आणि नंतरचा अगदी सारखा दिसेल. लागेबांधे फोटोत नसतात, ते हजारो आलेखांच्या आकडेमोडीत असतात. आणि एका माणसाचे आकडे आज आणि उद्या यांतही बदलतात. किती झोप झाली, श्वास कसा होता, मनात काय चाललं होतं. फरक दिसतो तो समूहाच्या सरासरीत. २०२२ मध्ये 'नेचर'मध्येच आलं की मेंदूचे स्कॅन आणि माणसामाणसांतले फरक यांचा भरवशाचा मेळ घालायला हजारो माणसं लागतात. एकाच माणसाचं आधी-नंतर बघणं त्यापेक्षा थोडं बळकट असतं, तरीही तुमची एकटीची बरी झाल्याची पावती त्या यंत्रातून निघत नाही.

पण तुमच्या स्कॅनमुळे त्या सरासरीत एकाची भर पडते, म्हणून जा. आणि हलू नका, कृपया.

सावलीची_बाजू
जाऊन आले.

मागच्या वेळी त्या नळीत मला वाटलं होतं की छपरानं धडक दिलीय. दोनदा बाहेर काढावं लागलं होतं. या वेळी कानात बोळे, डोक्यावर पिंजरा, वर आरशात ते अधिकचं चिन्ह. काम देऊन झालं, मग म्हणाल्या आता दहा मिनिटं नुसतं बघत राहा. ठोकाठोकी चालू. तो आवाज एका लयीत येतो, खर्र खर्र असाच. मी म्हटलं, आता वायपर येणार. आला. मग तो हात आला. मग काय झालं ते मला नीटसं आठवत नाही, कारण मला झोप लागली.

व्होक्सेल
झोप????
पडून असतानाच्या स्कॅनमध्ये? अहो, झोपेत सगळे लागेबांधे बदलतात! तुमचा तो डेटा आता टाकून देतील! डोळे उघडे ठेवा म्हणून सांगितलं नव्हतं का?

सावलीची_बाजू
सांगितलं होतं हो.

शंकेखोर
हाहाहा. विज्ञानाचं नुकसान झालं, पण मला पहिल्यांदाच एका एफएमआरआय निकालावर पूर्ण विश्वास बसलाय.

दुसरी_उशी
किती वेळ झोपलात? आणि उठवलं कुणी, कसं?

सावलीची_बाजू
तंत्रज्ञ म्हणाली, चारेक मिनिटं असतील. स्पीकरवरून नाव घेऊन उठवलं. मी म्हटलं, 'संपलं का?' ती म्हणाली, 'संपलं, पण पुन्हा करावं लागेल.'
शुक्रवारी बोलावलंय.